माझा पत्र्याचा पंखा

भोरच्या बाजारपेठेत माझं रिवायंडिंगचं दुकान होतं, आणि माझ्या भिंतीला लागून भाईचं रेडिएटरचं. मी शेतीपंपाच्या जळलेल्या मोटारींत नवी तांब्याची तार भरायचो, तो टेम्पो-ट्रॅक्टरचे गळके रेडिएटर डाख देऊन बुजवायचा. तीस वर्षं आम्ही एका कट्ट्यावर बसून चहा प्यायलो. तो मला मिस्त्री म्हणायचा, मी त्याला भाई. ती बैठक मोडली. बांधावरून मोडली असती, इलेक्शनवरून मोडली असती, तर चार माणसांत सांगता आलं असतं. आमची मोडली रिमोटवर पळणाऱ्या हातभर गाडीवरून, आणि त्या गाडीच्या मोटारीला थंड ठेवणाऱ्या काडेपेटीएवढ्या पंख्यावरून. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं हे तोंडानं काय सांगायचं? म्हणून लिहितोय.

शाळेत मी चौथीपर्यंत गेलो. पण मोटार मला कळते, हे भोर तालुक्यात कुणालाही विचारा. मोटारीवर पालथा हात ठेवायचा आणि मनात आकडे म्हणायचे. दहापर्यंत हात टिकला तर मोटार ठीक. पाचाला काढावा लागला तर कुठंतरी दुखणं आहे. कंपनीतले इंजिनियर मीटर घेऊन यायचे, तेही शेवटी माझ्या हाताकडं बघायचे.

आता पंख्याचं सांगतो. शेतीपंपाच्या मोटारीचा पंखा तिच्या स्वतःच्याच शाफ्टवर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावर असतो, मागच्या टोपणाखाली. मोटार फिरली की पंखा फिरला. त्याला वेगळी वायर नाही, वेगळं बटण नाही. शेतकरी पावसात मोटार भिजू नये म्हणून वरनं पोतं गुंडाळायचा, वाऱ्याची वाट बंद व्हायची आणि मोटार जळून माझ्या दारात यायची. मी त्यांना लई शिव्या घातल्या. तीस वर्षांत एकही मोटार मी बाहेरून वारा घालून थंड केली नाही. ज्या मोटारीला बाहेरचा वारा लागतो ती मोटार आजारी, हे माझं मत पक्कं झालं होतं. ते मत चुकीचं होतं का? ज्या मोटारींवरून झालं त्यांच्यापुरतं बरोबर होतं.

दोघांचीही दुकानं एकामागोमाग बंद झाली. नवे रेडिएटर प्लॅस्टिकच्या टाकीचे आले, त्यांना डाख धरत नाही. फेकायचा आणि नवा बसवायचा. मला जवळचं बारीक दिसेनासं झालं, आणि मुलानं सांगितलं, "आबा, तांब्याच्या तारेत माझा जीव रमत न्हाई." तो हायवेच्या कंपनीत लागला आणि मी किकवीला येऊन राहिलो. तरी आठवड्यातनं दोनदा एसटीनं भोरला जायचो, भाईकडं. दुसरं जायला ठिकाण नव्हतं.

दोनेक वर्षांपूर्वी गेलो तर भाई घरामागच्या मोकळ्या जागेत हातात रिमोट घेऊन उभा, आणि समोर मोठ्या चाकांची एक गाडी धूळ उडवत गोल फिरतेय.

"कुणा पोराचं हिसकावून आणलंस रं?" मी विचारलं.

"जावयाची हाय. पुण्यात फ्लॅटमधी पळवायला जागा न्हाई, म्हणून हितं ठेवली. तू हसू नको. आधी हात लावून बघ, मग बोल."

गाडी पायाशी आणून थांबवली. मी गुडघ्यावर बसलो. खाली अंगठ्याएवढी मोटार, तिच्यावर उष्णता ओढून घ्यायला अॅल्युमिनियमचा पातळ पट्ट्यापट्ट्यांचा ठोकळा, आणि त्या ठोकळ्यावर एवढासा पंखा. गाडी थांबली तरी पंखा आपला भुंग्यासारखा चालूच. मी मोटारीवर बोट ठेवलं आणि सहाला काढलं.

"जळणार ही," मी म्हणालो. "मोटारीला टेकू म्हणून पंखा दिलाय. मोटारच बाद आहे."

"टेकू कसला? रेडिएटरम्होरं पंखा असतोच की."

"तो इंजिनाला. हितं इंजिन कुठाय?"

"मिस्त्री, टेम्पोचं पाणी कुठं उकळतं? सपाटीला कधी उकळलंय? घाटात उकळतं. टेम्पो वझं घेऊन मुंगीच्या पावलानं चढतो, आन् वारा म्हणून लागत न्हाई. तवा पंख्याची गरज."

"रेडिएटरवाल्यानं मोटारीत बोलू नये."

तो हसला. मी असं बोलायचो आणि तो हसायचा, ही आमची रीतच होती. त्यामुळं मला कधी कळलंच नाही की त्यातलं किती त्याला लागतं.

मग पंख्याचा वाद महिनाभर चालला. मी म्हणायचो, हा पंखा गाडीच्याच बॅटरीतनं करंट खातो, म्हणजे गाडीचंच रक्त पिऊन गाडीला वारा घालतो. तो म्हणायचा, जावई सांगतो की कमीच खातो. मी म्हणायचो, पंख्यातनं धूळ आत जाते. तो म्हणायचा, जावई ब्रशनं झाडतो. जावई, जावई. तीस वर्षं भाईच्या तोंडी मिस्त्री होता, आता जावई आला. हे मी त्या वेळी स्वतःशीसुद्धा बोललो नसतो. पण पंखा काढायचा हट्ट मी धरला तो निम्मा यापायी होता.

मोटारीच्या मागच्या अंगाला शाफ्टचं नखाएवढं टोक बाहेर आलेलं मी पहिल्याच दिवशी हेरलं होतं. घरी आलो, जुन्या कॅपॅसिटरचा डबा कात्रीनं कापला, त्याच्या पातळ पत्र्याचा आठ पात्यांचा पंखा केला. एकेक पातं चिमट्यानं सारखं वळवलं. मध्ये पितळेची बारीक नळी बसवली. सुईच्या टोकावर ठेवून बघितला, कुठल्याही अंगाला झुकला नाही. तीन दिवस गेले त्यात. एक डोळा मिटून, भिंगाखाली. माझी म्हातारी म्हणाली, "रानातली मोटार बंद पडलीया, ती बघा म्हटलं तर नजर न्हाई म्हणता. हे बरं दिसतंय."

"हे वेगळं हाय."

"व्हय, खेळणं हाय ना."

तो पंखा मी भाईच्या गाडीला बसवला तेव्हा अॅल्युमिनियमचा ठोकळा आणि विजेचा पंखा दोन्ही काढून टाकले. भाई म्हणाला, "ऱ्हाऊ दे की रं तोबी. दोन्ही असू दे."

"एका म्यानात?" एवढंच म्हणालो आणि वायर उपटली.

त्यानं जावयाला फोन लावला, स्पीकरवर. जावई नीट बोलणारा माणूस, शिकलेला, आवाज चढवत नाही. म्हणाला, "अब्बा, तो पंखा काढू नका. चढावर मोटार हळू फिरते, तेव्हाच तापते. ती स्वतःला वारा घालू शकत नाही."

मी तिथंच बसलेलो. भाईनं माझ्याकडं बघितलं. मग फोनमध्ये म्हणाला, "मिस्त्रीनं हात लावलाय. त्यानं हात लावलेली मोटार माझ्या बघण्यात परत आलेली न्हाई. तुमी निवांत ऱ्हावा."

माझी छाती फुगली. आज ते वाक्य आठवलं की अन्न गोड लागत नाही.

सपाटीवर गाडी काय पळाली! सुगी झालेली, भोंगवलीच्या बाजूला एक ओळखीचं रान मोकळं होतं, तिथं आम्ही दोघांनी ती दुपारभर पळवली. माझा पंखा असा फिरायचा की पाती दिसायचीच नाहीत, नुसतं चकाकतं वर्तुळ. मोटारीवर बोट ठेवलं, वीस म्हणालो तरी काढावंसं वाटेना. भाईनं माझ्या पाठीत थाप मारली. "मानलं, मिस्त्री!" मी बाजारात सगळ्यांना सांगत सुटलो. चहावाल्याला, केस कापणाऱ्याला, ज्याला मोटार म्हणजे काय ठाऊक नाही त्यालाही. दुकान बंद झाल्यापासून कुणी मला काही विचारलं नव्हतं, आता कुणी विचारायच्या आधी मीच सांगत होतो.

पुढं वेल्ह्याच्या अंगाला एका गावच्या जत्रेत पोरांनी रिमोटच्या गाड्या चढवायची स्पर्धा ठेवली. गावामागं कातळाचा उतार, त्यावर चुन्याच्या रेषा मारलेल्या. ज्याची गाडी न थांबता वरच्या रेषेला जाईल त्याचा नंबर. पुण्याची पोरं आली होती. भाईचा जावईही परस्पर पुण्याहून आला, दोन मित्र घेऊन. भाई भोरहून कापूरहोळपर्यंत एसटीनं आला, तिथनं माझ्या मोटारसायकलवर मागं बसला, गाडी मांडीवर, लेकरासारखी धरलेली. वाटेत दोनदा म्हणाला, "जावयाला दाखवायचं आज." मी म्हणालो, "दाखवू."

लाऊडस्पीकरवरच्या पोरानं पुकारा केला, "आता येतायत भोरचे रेडिएटरवाले चाचा!" लोक हसले, टाळ्या वाजवल्या. भाईनं टोपी सारखी केली. गाडी निघाली.

पहिला टप्पा बरा गेला. मग कातळ उभा झाला. चाकं दगड धरून इंचाइंचानं वर सरकायला लागली. मोटारीचा आवाज बदलला. घोंघावायची ती कण्हायला लागली. मी गाडीच्या बाजूनं चढत होतो. खाली वाकून मागं बघितलं, तर माझ्या पंख्याची पाती मला मोजता येत होती. एक, दोन, तीन, सगळी आठ.

तिथंच मला कळलं. शेतीपंपाची मोटार चालू झाली की पहिल्या क्षणापासून एकाच वेगानं फिरते. पाणी जास्त उचलो की कमी, वेग तोच, वाराही तोच. अंगावर भार आणि पाय मंद, अशी मोटार मी आयुष्यात बघितलीच नव्हती. मोटार जितकी दमेल तितका माझा पंखा गप्प. जावई फोनवर हेच सांगत होता. भाई महिनाभर घाटातल्या टेम्पोचं सांगत होता ते हेच.

भाईलाही वास आला असावा. त्यानं मान वळवून मला विचारलं, "मिस्त्री, थांबवू का?"

अजून वेळ होता. थांबव म्हणालो असतो तर मोटार वाचली असती. पण खाली सगळी जत्रा बघत होती, आणि जावई हाताची घडी घालून उभा होता.

"थांबवायचं न्हाई," मी म्हणालो. "चढव."

त्यानं चढवली. वरच्या रेषेच्या चार हात अलीकडं धूर निघाला. तारेवरच्या जळक्या वार्निशचा वास माझ्याइतका कुणाला ओळखीचा असणार? गाडी थांबली आणि कातळावरून मागं मागं घसरत आली, माझ्या पायाशी.

कुणीतरी शिट्टी मारली. आणि मग मी बोललो. खाली ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोललो. "बोट सैल सोडायचं कळंना व्हय तुला? जन्मभर लोकांची गळती बुजवत बसला, ह्याच्या हातात मोटार कुणी दिली!"

लोक खो खो हसले. या वेळी भाई हसला नाही.

जावई वर चढून आला. त्यानं गाडी उलटी केली, बघितली, माझा पत्र्याचा पंखा बोटानं फिरवला. रागानं नाही, नुसतं विचारलं, "काका, आधीचा पंखा कुणी काढला?"

"ह्यानंच काढायला लावला," मी म्हणालो. "म्या नको म्हणत होतो."

हे खोटं मी ठरवून बोललो नाही. तोंडातनं निघालं आणि मग परत घेता आलं नाही. भाईनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हा उघडं पाडणार. फोनवर काय बोलणं झालं ते जावयालाही ठाऊक होतं, भाईनं नुसतं आठवण करून द्यायची होती. पण भाई जावयाकडं वळला आणि म्हणाला, "व्हय. म्याच सांगितलं काढ म्हणून. मिस्त्रीनं नुसता बसवून दिला."

मग गाडी पिशवीत घातली आणि उतरला. माझ्या मोटारसायकलपाशी आलाच नाही. वेल्ह्याच्या थांब्यावर गेला आणि एसटीनं घरी गेला, जावयाच्या गाडीत जागा असून.

मी फोन केले. उचलले नाहीत. दोन आठवडे भोरला गेलो नाही. म्हातारी म्हणाली, "तुमी काय बोललात त्यांना?" मी म्हणालो, काही नाही. "काही न्हाई बोललात तर तुमचं तोंड असं का झालंय?" तिला तीस वर्षांत भाईच्या घरचा शिरखुर्मा कधी चुकला नव्हता, त्या वर्षी चुकला.

मुलाकडनं पुण्याहून तसलीच एक मोटार मागवली, ठोकळा आणि विजेचा पंखाही. त्याला वाटलं म्हातारपणी छंद लागला. मला खात्री करायची होती. खरं तर मी चुकलेलो नाही अशी खात्री पाहिजे होती. शाफ्टला चामड्याची पट्टी लावून मोटार दाबून धरली, कातळावर फिरत होती तेवढीच हळू. पत्र्याचा तसाच दुसरा पंखा कापून लावला, पाच मिनिटं चालवली, आणि बोट तिसऱ्या आकड्याला काढलं. गार झाल्यावर ठोकळा आणि विजेचा पंखा लावला, तशीच दाबली, तेवढाच वेळ. नऊ म्हणालो, दहा म्हणालो. पुन्हा पुन्हा करून बघितलं. प्रत्येक वेळी तेच.

मग गेलो भोरला. भाईनं दार उघडलं, बस म्हणाला, आत चहा सांगितला. मी म्हणालो, "भाई, चूक माझी होती. पंखा काढायला नको होता."

"हे मला कशाला सांगतोस?" तो म्हणाला. "पंखा कुणी काढला ते मला म्हाईत न्हाई व्हय? माझ्या डोळ्यांम्होरं काढलास. जावयाला सांग."

"त्याला काय सांगायचं त्यात?"

"गाडी नेली त्यानं परत. वंगाळ काय बोलला न्हाई, पण नेली. परवा मिक्सरची वायर जोडाया बसलो, तर म्हायेरी आलेली लेक म्हणती, अब्बा, ऱ्हाऊ द्या, तुमी नका हात लावू. नळाचा वॉशर बदलाया बाहेरचा माणूस बोलवत्यात. ज्या घरात म्या हातानं सगळं केलं त्या घरात म्या आता येडा हाय, मिस्त्री. एवढंच सांग त्याला, की काढ म्हणून म्या सांगितलं न्हवतं. दुसरं काय नको."

"सांगतो की."

"लावू फोन?"

मला वाटलं बोलण्यापुरतं म्हणतोय. त्यानं खरंच फोन काढला, लावला, स्पीकरवर टाकला आणि आमच्या दोघांच्या मधल्या स्टुलावर ठेवला. रिंग वाजली. मी पाण्याचा तांब्या उचलला, परत ठेवला.

"हां अब्बा, बोला," जावई म्हणाला. मागं कसलातरी यंत्राचा आवाज येत होता, कामावर असावा.

भाईनं हनुवटीनं मला खूण केली.

मी बोलणार होतो. देवाशपथ बोलणार होतो. पण मनात आलं, हे पोर माझ्या मुलापेक्षा लहान. याला मी फोनवर सांगायचं की मी खोटं बोललो? उद्या ते पुण्यात मित्रांना सांगेल, भोरचा तो म्हातारा मिस्त्री. तीस वर्षं ज्याच्या हाताला लोक मीटर मानत होते तो.

"अब्बा? ऐकू येतंय का?"

भाई थांबला. माझ्याकडं बघत थांबला. मग फोनकडं वाकून म्हणाला, "काय न्हाई बाळा. सहज लावला. जेवलास का?" आणि दोन वाक्यं बोलून बंद केला.

"फोनवर नको," मी म्हणालो. "तोंडावर सांगीन त्याला. येईल तवा."

"बरं," भाई म्हणाला.

आतनं चहा आला. त्यानं त्याचा घेतला आणि दाराकडं तोंड करून प्यायला. मी माझा तसाच ठेवून उठलो. तो बस म्हणाला नाही.

परतीच्या एसटीत बसल्यावर जावयाला काय सांगायचं ते मला सगळं नीट सुचलं. एकेक शब्द जागेवर. कापूरहोळ येईपर्यंत मी ते तीनदा मनात म्हटलं, एकदा तर ओठ हलले असावेत, शेजारची बाई माझ्याकडं बघायला लागली. कापूरहोळला उतरलो. भोरला परत जाणारी गाडी समोरच उभी होती, कंडक्टर खाली उभा राहून भोर भोर ओरडत होता. मागं किकवीची गाडी येऊन लागली. मी किकवीच्या गाडीत बसलो.